लोणारच्या कांचकणांची साक्ष

लोणारच्या सरोवराचें नांव ऐकलें नाहीं असें सुशिक्षित घर वऱ्हाडांत तरी क्वचितच सांपडेल. धारेखालचें स्नान, दैत्यसूदनाचें दर्शन आणि काठावरून खालीं दिसणारें तें हिरवट, खारें पाणी एवढें पाहून यात्रेकरू परततो. परंतु हें प्रचंड विवर पडलें कशानें, या प्रश्नावर शास्त्रज्ञांत दीडशें वर्षें वाद चालला होता, आणि त्याचा निकाल नुसत्या डोळ्यांना ओळखूंहि न येणाऱ्या कांचकणांच्या साक्षीवरून लागला, ही हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. ती वाचकांपुढें ठेवावी म्हणून हा लेख लिहीत आहों.

प्रथम स्थळाविषयीं थोडें. बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, काळ्या पाषाणाच्या सपाट माळावर, जवळ जाईपर्यंत ज्याची चाहूलहि लागत नाहीं असा हा खोलगट आहे. काठापासून काठापर्यंत त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर असून खोली सुमारें १५० मीटर भरते. आकार जवळजवळ वर्तुळ. आणि भोंवतालचा काठ आसपासच्या जमिनीहून वीस-तीस मीटर उंच उचललेला. नदीनें खोदलेल्या दरीला असा काठ नसतो, आणि कुदळीनें खणलेल्या तलावाला असा आकार येत नाहीं. येथें कांहीं तरी विलक्षण घडलें आहे, हें ओळखण्यास शास्त्र शिकावें लागत नाहीं. आमच्या पूर्वजांनीं तें सहज ओळखलें होतें. लवणासुर जमिनीखालीं दडून बसला, विष्णूनें सुंदर तरुणाचें रूप घेऊन त्याचा ठाव काढला आणि पायाच्या अंगठ्यानें त्या विवराचें झांकण उडवून दिलें. तें झांकण नैऋत्येस धातेफळजवळ टेकडी होऊन पडलें, दैत्याच्या रक्ताचें पाणी झालें व मांसाचा क्षार झाला, अशी कथा आहे. तिची थट्टा करावी असें आम्हांस वाटत नाहीं. अचानक झालेला आघात, एका क्षणांत उघडलेला खड्डा आणि दूर उडून पडलेला दगड, या तिन्ही गोष्टी तींत आहेत. आणि पुढें विद्वानांनीं शंभर वर्षें जी उपपत्ति मांडली, तींत या तिहींपैकीं एकच होती.

येथील क्षार तर फार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. अबुल फजलनें आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना लोणारचा उल्लेख केला असून, कांच व साबण यांस लागणारीं द्रव्यें तेथें मिळतात असें नमूद केलें आहे. पाणी आटलें म्हणजे कांठावर जमणाऱ्या क्षारास लोक दल्ला, खुप्पल, पापडी अशीं नांवें देत. कांच करण्यासाठीं ज्या तळ्याचा क्षार लोक नेत, त्याच तळ्याच्या जन्माची कथा कांचेनेंच उघड करावी, हा योगायोग मनोरंजक खरा.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें, तेव्हांपासून युरोपीय विद्वानांचें लक्ष तिकडे वळलें. पुढें भारतीय भूगर्भ खात्याचे ब्लॅनफर्ड यांनीं हें ज्वालामुखीच्या स्फोटाचें मुख ठरविलें, आणि १९१२ सालीं ला टूश व क्रिस्टी यांनीं या सरोवराच्या भूगर्भाचें व क्षारांचें सविस्तर विवेचन प्रसिद्ध केलें. त्यांचा कलहि जमिनीच्या पोटांतील वायूंच्या व वाफेच्या उद्रेकाकडेच होता. हा तर्क वाईट नव्हता. सगळा दख्खनचा माळच मुळीं लाव्ह्याच्या थरांचा. तेव्हां त्यावर दिसणारें वाटोळें विवर ज्वालामुखीचें असावें असें कोणासहि वाटेल. अडचण एवढीच कीं, हे थर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचे आहेत, आणि विवर मात्र इतकें नवें दिसतें कीं त्याचा काठ पावसानें अजून पुरता झिजलेला नाहीं. मधल्या अफाट काळांत थंड पडलेल्या भूमीनें एकाच ठिकाणीं, एकदांच, आणि लाव्ह्याचा एक थेंबहि बाहेर न टाकतां उसासा कां सोडावा?

याच सुमारास अमेरिकेंत अॅरिझोनाच्या वाळवंटांतील अशाच एका विवराविषयीं वाद चालू होता. गिल्बर्ट या थोर भूगर्भशास्त्रज्ञांनीं १८९६ सालीं त्यावर एक निबंध लिहिला. लोणारशीं असलेलें त्याचें साम्य त्यांच्या ध्यानांत आलें होतें. पण अशनीचा लोखंडी गोळा खालीं गाडलेला असता तर चुंबकसूचीनें तो दाखविला असता, असें म्हणून त्यांनीं वाफेच्या स्फोटाच्याच बाजूनें कौल दिला. तर्कपद्धतीचा आदर्श म्हणून हा निबंध अद्यापि वाखाणला जातो, आणि त्याचा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. सेकंदास पंधरा-वीस किलोमीटर वेगानें येणारा गोळा जमिनींत रुतून बसत नाहीं. तो आपल्याच शक्तीनें बहुतेक वाफ होऊन जातो, हें त्या काळीं कोणास माहीत नव्हतें.

मग अशनि जर उरतच नसेल, तर त्याच्या येण्याचा पुरावा कोठें शोधावा? उत्तर असें कीं, ज्याच्यावर घाव बसला त्या दगडांत. १९५३ सालीं कोएस या अमेरिकन रसायनज्ञांनीं प्रयोगशाळेंत प्रचंड दाबाखालीं सिलिकेचा एक नवा, अधिक घट्ट स्फटिक तयार केला. त्यास कोएसाइट म्हणूं लागले. १९६० सालीं चाओ, शूमेकर व मॅडसन यांस तोच स्फटिक अॅरिझोनाच्या विवरांतील वालुकाश्मांत सांपडला. एवढा दाब भूपृष्ठावर अशनिपातावांचून कोणतीहि नैसर्गिक शक्ति उत्पन्न करूं शकत नाहीं. त्यामुळें तेथील वाद तेथें संपला. चारच वर्षांनीं लाफोंड व डीट्झ यांनीं लोणारहि अशनीचेंच विवर असावें काय, असा प्रश्न छापून विचारला.

पण लोणारचें कोडें अॅरिझोनाच्या किल्लीनें उघडेना. कोएसाइट होतें गारगोटीपासून, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मूळ घडणींत गारगोटी नाहीं म्हटलें तरी चालेल. त्यांत आहे फेल्डस्पार, पायरॉक्सीन, लोहाचीं खनिजें आणि कांहीं कांच. जगांतील बहुतेक अशनि-विवरांची परीक्षा ज्या खनिजावरून होते, तेंच येथें गैरहजर! येथें दुसरा साक्षीदार शोधणें भाग होतें.

तो साक्षीदार शंभर वर्षांपूर्वींच नांव घेऊन बसला होता. २५ ऑगस्ट १८६५ रोजीं बिहारमध्यें गयेजवळ शेरघाटी येथें आकाशांतून एक दगड पडला. १८७२ सालीं व्हिएन्नाचे चेरमाक यांनीं तो तपासला, तेव्हां त्यांस एक चमत्कारिक द्रव्य आढळलें. रासायनिक घटना पाहावी तर हुबेहूब फेल्डस्पारची. कणांची बाह्याकृतिहि स्फटिकाची. पण ध्रुवित प्रकाशांत धरावें तर कांचेसारखें काळेंठिक्कर. ब्रिटिश म्यूझियमच्या खनिजसंग्रहाचे प्रमुख मास्केलिन यांच्या सन्मानार्थ त्यास मास्केलिनाइट हें नांव मिळालें. स्फटिकाच्या आंतील परमाणूंची रांग मोडून गेली, परंतु देह जागच्या जागीं राहिला, अशी ही स्थिति आहे. पडक्या वाड्याचा दर्शनी भाग उभा राहावा आणि आंतल्या खोल्यांचा पत्ता नसावा, तशी. पुढें प्रयोगांवरून दिसून आलें कीं, असें व्हावयास वातावरणाच्या सुमारें दोन ते चार लाख पट दाब लागतो. एवढा दाब पृथ्वीच्या पोटांत शोधूं गेल्यास सुमारें सहाशें किलोमीटर खोल उतरावें लागेल. कोणत्याहि ज्वालामुखीच्या मुखाशीं तो मिळावयाचा नाहीं.

भारतीय भूगर्भ खात्याचे दुबे व बालसुंदरम् आणि अमेरिकेचे फ्रेड्रिक्सन व मिल्टन या चौघांनीं मिळून हें काम हातीं घेतलें. तळ्याच्या तळांत भोकें पाडलीं, तेव्हां सुमारें शंभर मीटर गाळाखालीं ठेंचलेल्या दगडांचा थर लागला, आणि त्या दगडांत मास्केलिनाइट निघालें. काठाबाहेर उडून पडलेल्या मातींत वितळलेल्या दगडाच्या कांचगोळ्या सांपडल्या; त्यांतील कांहीं मोहरीहून लहान होत्या. १९७३ सालीं 'सायन्स' या साप्ताहिकांत त्यांचा लेख आला, आणि लोणार हें काळ्या पाषाणांत पडलेलें अशनि-विवर होय ही गोष्ट प्रस्थापित झाली. चंद्राचा पृष्ठभाग बराचसा याच जातीच्या दगडाचा असल्यामुळें, अपोलोच्या प्रवाशांनीं आणलेल्या धोंड्यांशीं ताडून पाहावयास पृथ्वीवरचा उत्तम नमुना म्हणून बुलढाणा जिल्ह्यांतल्या या गांवाचें नांव जगाच्या प्रयोगशाळांतून पोंचलें.

येथवरची कथा कोणी कोणी सांगतात. आम्हांस विशेष सांगावयाचें तें पुढचें, म्हणजे कणांकडून साक्ष काढून घेण्याच्या विद्येविषयीं.

साध्या सूक्ष्मदर्शकाची शक्ति प्रकाशलहरीच्या लांबीनें बांधलेली आहे. सुमारें एक सहस्रांश मिलिमीटराच्या पंचमांशाहून जवळ असलेले दोन बिंदु तो वेगळे दाखवूं शकत नाहीं. भिंग कितीहि चांगलें घासा. १९३१ सालीं बर्लिन येथें रुस्का व क्नोल यांनीं प्रकाशाच्या जागीं इलेक्ट्रॉनांची शलाका वापरून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग काढला. पुढें १९५१ सालीं पॅरिसमध्यें कास्तैं यांनीं आपल्या प्रबंधांत असें यंत्र वर्णिलें कीं, ही शलाका दगडाच्या एका सूक्ष्म बिंदूवर रोखली असतां तेथून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून त्या बिंदूंत कोणतें मूलद्रव्य किती आहे, हें समजावें. लोणारच्या कामांतील फ्रेड्रिक्सन हे या यंत्रानें अशनींची परीक्षा करणाऱ्या आरंभींच्या मंडळींपैकींच होत.

पण या यंत्राच्या ज्ञानांत एक मोठी उणीव आहे. तें घटना सांगतें, रचना सांगत नाहीं. फेल्डस्पार आणि मास्केलिनाइट त्याच्यापुढें ठेवा. दोहोंबद्दल उत्तर एकच. गारगोटी, कोएसाइट व सिलिकेची कांच हीं तिन्ही ठेवा. तिन्हींत सिलिकॉन एक भाग व ऑक्सिजन दोन भाग, एवढेंच तें बोलणार. विटा मोजून देणाऱ्या हिशेबनिसाला घर उभें आहे कीं ढिगारा पडला आहे, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. आणि लोणारचा सारा प्रश्न तर घर उभें आहे कीं पडलें, एवढाच होता!

रचना सांगणारी विद्या भारतांतच जन्मास आली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कृष्णन् यांच्या सहकार्यानें जो परिणाम निश्चित केला, त्याचें मर्म असें: एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला असतां विखुरलेल्या प्रकाशांत अत्यल्प भाग वेगळ्या रंगाचा निघतो, आणि हा फरक त्या पदार्थाच्या परमाणूंच्या आपसांतील कंपनांवर अवलंबून असतो. परमाणु तेच असले तरी बांधणी बदलली कीं कंपन बदलतें, व वर्णपटांतील रेषा सरकते. गारगोटीची मुख्य रेषा ४६४ या अंकाशीं येते, कोएसाइटची ५२१ शीं. कांचेची रेषा पसरून धुरकट पट्टा होते. ज्या तीन पदार्थांत इलेक्ट्रॉनाच्या यंत्रास भेद दिसत नाहीं, ते येथें तीन वेगळीं नांवें सांगतात.

दोष एकच, कीं हा आवाज फार क्षीण. कोट्यवधि प्रकाशकणांतून एखादा रंग बदलून येतो. रामन यांच्या काळीं पाऱ्याच्या दिव्यासमोर छायाचित्राची कांच तासन् तास, कधीं दिवसच्या दिवस ठेवावी लागे, आणि पदार्थहि भरपूर लागे; धुळीएवढ्या कणाची गोष्टच नको. १९६० सालीं मेमन यांनीं लेसर प्रत्यक्ष चालवून दाखविला, आणि एकाच शुद्ध रंगाचा, सुईच्या अग्राहून बारीक ठिपक्यांत गोळा होणारा प्रखर प्रकाश हातीं आला. १९७४-७५ च्या सुमारास फ्रान्समध्यें लिल येथील देले व दामलँकूर यांनीं, आणि अमेरिकेंतहि कांहींनीं, लेसर सूक्ष्मदर्शकांतून सोडून एकेका कणाचा रामन-वर्णपट घेण्याची युक्ति सिद्ध केली. कलकत्त्याच्या शोधास लोणारच्या कणापर्यंत पोंचावयास अशीं पन्नास वर्षें लागलीं.

आतां वाचक म्हणतील, दोन्ही यंत्रें मिळालीं, काम झालें. तसें नाहीं. एका यंत्राखालीं पाहिलेला सहस्रांश मिलिमीटराचा ठिपका दुसऱ्या यंत्राखालीं पुन्हा सांपडणें हें जत्रेंत हरवलेलें मूल शोधण्याइतकेंच कठीण. शिवाय दोघांचे स्वभाव जुळत नाहींत. इलेक्ट्रॉनांना निर्वात पेटी लागते, व दगडावर कर्बाचा पातळ लेप द्यावा लागतो, नाहीं तर विद्युद्भार सांचून चित्र विस्कटतें. उलट हाच लेप लेसरच्या वाटेंत येतो आणि स्वतःचेच पट्टे वर्णपटांत घुसडतो. इलेक्ट्रॉनांची शलाका कांचेंतील सोडियम हुसकून लावते. लेसर जोराचा झाला तर काळ्या दगडाचा कण तापून मूळ साक्षच पुसली जाते. म्हणून शहाणे संशोधक प्रथम मंद लेसरनें वर्णपट घेतात, मग लेप चढवितात, आणि शेवटीं इलेक्ट्रॉनांकडे जातात. या शतकाच्या आरंभापासून दोन्ही विद्या एकाच पेटींत नांदविणारीं यंत्रेंहि तयार होऊं लागलीं. त्यांत आरशाच्या योगानें लेसर आंत घेऊन, इलेक्ट्रॉनांनीं दाखविलेल्या बिंदूवरच तो रोखतात, किंवा नमुना ठरलेल्या अंतरानें एका डोळ्याखालून दुसऱ्याखालीं सरकवितात. इलेक्ट्रॉन आदळल्यानें कांहीं खनिजें स्वतःच मंद प्रकाश देतात. त्याचाहि वर्णपट घेतां येतो. झेवेल यांच्यासारख्यांनीं तर लेसरच्या स्पंदांनींच इलेक्ट्रॉनांचे झोत सोडून, परमाणूंची हालचाल घडत असतांना टिपण्यापर्यंत मजल नेली. पण तो विषय आमच्या तळ्यापासून दूरचा आहे.

या जोडविद्येनें लोणारविषयीं नवें काय सांगितलें? दोनतीन गोष्टी तरी नमूद केल्याच पाहिजेत. पहिली मास्केलिनाइटच्या जन्माची. हें द्रव्य घन स्थितींतच मोडून कांच झालें, कीं क्षणभर वितळून गोठलें, हा वाद २००० सालीं चेन व एल् गोरेसी यांनीं शेरघाटीच्याच दगडावरून पुन्हा पेटविला. तें वितळलें होतें असें त्यांचें म्हणणें. २०१५ सालीं जॅरेट व त्यांचे सहकारी यांनीं लोणारच्या कणांवर प्रकाशाच्या निरनिराळ्या परीक्षा करून उलट मत दिलें कीं, निदान हे कण तरी न वितळतांच मोडले आहेत. आम्हांस त्यांचा पक्ष अधिक सबळ वाटतो. पण दोन ठिकाणच्या दगडांस एकच नियम लावण्याची घाई करूं नये.

दुसरी गोष्ट अधिक गोड आहे. गारगोटी नाहीं म्हणून लोणारला कोएसाइट नाहीं, असें सर्व धरून चालले होते. पण दख्खनच्या पाषाणांत बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, आणि त्यांत मागाहून पाझरलेल्या पाण्यानें गारगोटी व अकीक भरलेले असतात, हें आमच्या प्रांतांतील विहीर खणणारा गवंडीहि सांगेल. विवरांतून उडालेल्या धोंड्यांतील अशाच पोकळ्यांत, सिलिकेच्या कांचेंत, सुमारें तीस सहस्रांश मिलिमीटर रुंदीचे गोल पुंजके जॅरेट यांच्या मंडळीस दिसले. लेसरखालीं धरतांच रामन-वर्णपटानें सांगितलें, कोएसाइट! ही वार्ता २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. अॅरिझोनाची किल्ली लोणारला लागत होती तर. कुलूपच पोकळीच्या आंत लपलेलें होतें.

तिसरी गोष्ट त्या पाहुण्याच्या जातीची. त्याचा तुकडा उरला नाहीं. परंतु कांचगोळ्यांत निकेल व क्रोमियम आसपासच्या पाषाणाहून जास्त आढळतात, आणि त्यावरून तो लोखंडी गोळा नसून दगडी जातीचा अशनि असावा, असें मिश्रा वगैरेंनीं २००९ सालीं प्रतिपादन केलें. हें काम मात्र घटनेचा हिशेब मांडणाऱ्या विद्येचें. येथें रामनरेषा मुकी आहे.

शेरघाटीचा दगड मंगळावरून आला होता, हें आतां सर्वमान्य आहे. तेव्हां लोणार व मंगळ हे एकाच खनिजानें जोडले गेले आहेत. २०१२ सालीं मंगळावर उतरलेली क्युरिऑसिटी ही गाडी लेसरनें दगडाची वाफ करून तिचा वर्णपट घेऊं लागली. २०२१ सालीं उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सनें प्रत्यक्ष रामन-वर्णपटाचीं उपकरणें नेलीं, आणि त्यांतील एकाच्या मोजमापाची खातरजमा करण्यासाठीं पृथ्वीवर पडलेल्या मंगळाच्या एका अशनीचा तुकडाहि बरोबर धाडला गेला. त्या गाड्यांवर इलेक्ट्रॉनांचा सूक्ष्मदर्शक मात्र नाहीं. तेव्हां मंगळावर एकच साक्षीदार, लोणारला दोन.

एवढें करूनहि एका प्रश्नाचें उत्तर मिळालेलें नाहीं, आणि तो आहे वयाचा. कांच तापविली असतां तिच्यांत सांठलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते. तो प्रकाश मोजून १९९७ सालीं सेनगुप्ता, भांडारी व वातानाबे यांनीं लोणारचें वय सुमारें ५२,००० वर्षें ठरविलें. २०११ सालीं जूरदां व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वितळलेल्या दगडांतील आरगॉन वायूच्या प्रमाणावरून तें सुमारें ५,७०,००० वर्षें काढलें. एक आंकडा दुसऱ्याच्या दसपटीहून अधिक! पहिला खरा, तर आघाताच्या वेळीं पृथ्वीवर आपल्यासारखीं माणसें होतीं. दुसरा खरा, तर तीं नव्हतीं. आरगॉनचें घड्याळ आम्हांस जास्त भरंवशाचें वाटतें, कारण कांचेंत सांठणाऱ्या प्रकाशशक्तीस गळती लागूं शकते. तथापि आरगॉनहि जुन्या दगडांतून वारशानें येऊन वय वाढवूं शकतो, हा आक्षेप खोडून काढण्यास आणखी पुष्कळ कण तपासावे लागतील.

ते कण आहेत कोठें? पाण्याच्या कांठीं नव्हेत. सरोवर व त्याचा काठ मिळून ३.६५ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें आहे, आणि नोव्हेंबर २०२० मध्यें रामसर करारान्वयें या पाणथळ जागेस आंतरराष्ट्रीय महत्त्वहि मिळालें. पण विवरांतून उडालेली माती काठापासून किलोमीटरभराहूनहि दूर पसरलेली आहे. म्हणजे तिचा पुष्कळ भाग अभयारण्याबाहेर, शेतांखालीं, रस्त्यांच्या कडेला आणि नव्या घरांच्या पायांत आहे. तेथें नांगराच्या तासांत वर येणारी काळी, चकचकीत, मोहरीएवढी गोळी शेतकऱ्यास खड्याहून वेगळी दिसत नाहीं, आणि कंत्राटदाराच्या मुरुमाच्या ढिगांत ती एकदां मिसळली म्हणजे ती कोणत्या थरांतून आली, हें मग लेसरहि सांगूं शकत नाहीं कीं इलेक्ट्रॉनहि.